जगातली अजब तळी आणि त्यांच्या पोटातल्या गोष्टी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आपल्याकडे गावागणिक तळ्याची एक गोष्ट असते. कुठे लग्नकार्याला भांडी देणारं तळं, कुठे दर वर्षी एक बळी घेणारा डोह, तर कुठे साती आसरांची जागा म्हणून तिन्हीसांजेला कुणी न फिरकणारा काठ. जगात इतरत्रही असंच आहे. अजब जागांबद्दल वाचणारे लोक जे प्रश्न विचारतात, त्यांतले कितीतरी फिरून तळ्यांपाशीच येतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. लोककथा आणि संशोधन दोन्ही सांगितलं आहे, कारण अशा जागांच्या बाबतीत पहिली साक्ष बहुतेक वेळा लोककथेनेच दिलेली असते, असं माझं मत आहे.

एका रात्रीत शेकडो माणसं मारणारं तळं खरंच आहे का?

आहे. पश्चिम आफ्रिकेतल्या कॅमेरून देशाच्या वायव्य भागात न्योस नावाचं तळं आहे. जुन्या ज्वालामुखीच्या मुखात साठलेलं, दोनशे मीटरहून खोल, चारी बाजूंनी हिरवे डोंगर. २१ ऑगस्ट १९८६ च्या रात्री नऊच्या सुमारास त्यातून वायूचा एक प्रचंड लोट बाहेर पडला आणि दऱ्याखोऱ्यांतून खाली वाहत गेला. न्योस, चा, सुबुम अशा गावांमधली १,७०० हून अधिक माणसं आणि सुमारे साडेतीन हजार गुरं त्यात मेली. तळ्यापासून पंचवीसेक किलोमीटरपर्यंत त्याचा परिणाम झाला.

घरं जशीच्या तशी उभी होती. काही पडलं नव्हतं, काही जळलं नव्हतं. माणसं अंथरुणात, चुलीपाशी, दारात होती तिथेच गेली. जे वाचले ते कित्येक तासांनी शुद्धीवर आले, तेव्हा आजूबाजूला आवाज नव्हता. कंदिलात तेल शिल्लक होतं, पण वात विझलेली होती. प्रेतांवर माश्यासुद्धा घोंघावत नव्हत्या, कारण त्याही मेल्या होत्या. तळ्याचं एरवी निळं असणारं पाणी तांबडं झालं होतं आणि पातळी सुमारे एक मीटरने उतरली होती.

पण पाण्यातून एवढा वायू आला कुठून?

न्योसच्या खाली जमिनीत खोलवर अजून शिलारस आहे. त्यातून सुटणारा कार्बन डायऑक्साइड भूजलात मिसळून तळ्याच्या तळाशी झिरपत राहतो. तळाचं पाणी थंड आणि त्याच्यावर दोनशे मीटर पाण्याचा दाब, त्यामुळे वायू बुडबुडे न होता विरघळून राहतो. थंड हवेच्या प्रदेशातल्या तळ्यांमध्ये ऋतू बदलला की वरचं पाणी थंड होऊन खाली जातं आणि सगळं ढवळलं जातं. कॅमेरूनच्या उष्ण हवेत तसं फारसं होत नाही, म्हणून तळाचं पाणी वर्षानुवर्षं तळालाच राहिलं आणि त्यातला वायू वाढत गेला.

त्या रात्री काहीतरी निमित्त झालं. कड्याचा एखादा भाग तळ्यात कोसळला असावा, असा एक अंदाज आहे. तळाचं थोडं पाणी वर ढकललं गेलं, दाब कमी झाला, बुडबुडे सुटले, त्या बुडबुड्यांनी आणखी पाणी वर ओढलं. सोड्याची बाटली हलवून झाकण काढल्यावर जे होतं, तेच इथे अख्ख्या तळ्याचं झालं. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असतो, म्हणून तो वर उडून न जाता ओढ्यानाल्यांच्या वाटेने सखल भागात उतरला आणि तिथली हवा त्याने बाजूला सारली. तळाच्या पाण्यातलं लोह वर येऊन हवेला लागलं, त्याने पाणी तांबडं दिसलं.

वाचलेल्या काही लोकांनी दारूगोळ्याचा किंवा नासक्या अंड्यांचा वास आल्याचं सांगितलं. त्यामुळे हा साधा ज्वालामुखीचा उद्रेक होता, असं काही शास्त्रज्ञ बरीच वर्षं म्हणत होते. पण हा वायू खूप जास्त प्रमाणात श्वासात गेला तर नसलेले वासही येतात, हे आधीपासून माहीत होतं.

याची पूर्वसूचना कुणालाच नव्हती का?

दोन सूचना होत्या. त्यांतली एक ऐकली गेली नाही आणि दुसरी सूचना आहे हेच कुणाला कळलं नाही.

पहिली म्हणजे मोनून. त्याच देशातल्या या दुसऱ्या तळ्यापाशी १५ ऑगस्ट १९८४ च्या पहाटे ३७ माणसं रस्त्यावर मेलेली सापडली. घातपाताचा संशय घेतला गेला. आइसलँडचे ज्वालामुखीतज्ज्ञ हाराल्डुर सिगुर्डसन तिथे गेले. तळ्यातून विरघळलेला कार्बन डायऑक्साइड सुटून ही माणसं मेली, असा निष्कर्ष त्यांनी काढला. असा धोका तोवर कुणाला ठाऊकच नव्हता, म्हणून तो फारसा कुणी मनावर घेतला नाही. दोन वर्षांनी न्योस घडलं.

दुसरी सूचना लोककथेत होती. त्या डोंगराळ भागातल्या कोम लोकांची मूळकथा अशी : शेजारच्या बामेसीच्या राजाने कोमच्या राजाला दगा देऊन त्याची माणसं जाळून मारली. कोमच्या राजाने सूड घ्यायचं ठरवून गळफास लावून घेतला. त्याच्या देहातून गळलेल्या द्रवाचं तळं झालं, त्यात पडलेल्या किड्यांचे मासे झाले. बामेसीचे लोक मासे धरायला उतरले आणि तळ्याने त्यांना एका क्षणात गिळलं. न्योसनंतर युजेनिया शँकलिन या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी या भागातल्या अशा कथांकडे नव्याने पाहिलं. तळी फुटतात, जागा बदलतात, माणसं मारतात, असं सांगणाऱ्या कथा तिथे बऱ्याच आहेत. पूर्वी केव्हातरी असंच काही घडलं असावं आणि ते कथेच्या रूपाने टिकलं असावं, हे म्हणणं मला पटतं. आपल्याकडच्या साती आसरांच्या जागाही पुष्कळदा खरोखरच्या धोक्याच्या डोहांपाशी असतात.

काही जण म्हणतात तो बाँबचा गुप्त प्रयोग होता. त्यात तथ्य आहे का?

नाही. अफवा पसरायला एक योगायोग कारण झाला. दुर्घटनेनंतर काही दिवसांतच इस्रायलचे पंतप्रधान कॅमेरूनच्या आधीच ठरलेल्या दौऱ्यावर आले आणि त्यांच्याबरोबर वैद्यकीय पथकही होतं. ज्यांनी घरची सगळी माणसं गमावली त्यांना ‘तळ्यातून वायू आला’ हे स्पष्टीकरण तोकडं वाटलं, यात नवल नाही. पण तळ्याच्या तळातला वायू नंतर वर्षानुवर्षं मोजला गेला आहे. उद्रेकानंतरही तो पुन्हा साठत होता, हे त्या मोजमापांतून दिसलं.

मग न्योस आता सुरक्षित आहे का?

पूर्वीपेक्षा पुष्कळ. २००१ मध्ये फ्रेंच आणि कॅमेरूनी अभियंत्यांनी तळ्यात दोनशे मीटर लांबीचा उभा पाइप सोडला. तळाचं पाणी पंपाने एकदा वर ओढलं की वाटेत बुडबुडे सुटतात, आणि ते बुडबुडेच पुढचं पाणी वर आणतात. पंप बंद केला तरी कारंजं चालूच राहतं. सुरुवातीला ते पन्नासेक मीटर उंच उडायचं. ज्या शक्तीने गावं मारली तीच वापरून तळं रिकामं करायचं, ही मला या सगळ्या हकिगतीतली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. मोनूनमध्येही २००३ साली असा पाइप बसवला, आणि २०११ मध्ये न्योसला आणखी दोन बसले. तळ्याच्या एका बाजूचा नैसर्गिक बांध ठिसूळ होता, त्याचीही डागडुजी केली गेली.

माणसांचं पुनर्वसन मात्र इतकं नीट झालं नाही. वाचलेल्यांना सात छावण्यांमध्ये हलवलं, आणि तात्पुरती म्हणून दिलेली ती जागा अनेकांसाठी कायमचीच झाली.

असं दुसरं एखादं तळं आहे का? लोणारमध्ये असं होऊ शकतं का?

लोणारमध्ये नाही. तिथलं पाणी उथळ आहे आणि खाली वायू सोडणारा शिलारस नाही.

काळजी आहे ती किवूची. रवांडा आणि काँगो यांच्या सीमेवरच्या या विशाल सरोवरात सुमारे ३०० घन किलोमीटर कार्बन डायऑक्साइड आणि ६० घन किलोमीटर मिथेन विरघळलेला आहे. काठावर वीस लाखांच्या घरात लोक राहतात आणि जवळच न्यिरागोंगो हा जागता ज्वालामुखी आहे. रवांडाने यातला मिथेन काढून वीज करायला सुरुवात केली आहे. २०१६ मध्ये औपचारिकरीत्या सुरू झालेलं तिथलं केंद्र सुमारे २६ मेगावॅट वीज देतं. वीजही मिळते आणि पाण्यातला वायूही कमी होतो, अर्थात एवढ्या साठ्यापुढे तो फार हळू कमी होतो.

रूपकुंडात सांगाडे कुणाचे आहेत?

उत्तराखंडच्या चमोली जिल्ह्यात, त्रिशूळ पर्वताच्या कुशीत, पाच हजार मीटरच्या आसपास उंचीवर हे छोटंसं कुंड आहे. वर्षातला बराच काळ ते गोठलेलं असतं. १९४२ मध्ये एका वनरक्षकाला तिथे मानवी सांगाडे दिसले. दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते, म्हणून जपानी सैनिक असतील की काय अशी धास्ती आधी पसरली. हाडं फार जुनी आहेत हे लवकरच लक्षात आलं. काही शे माणसांचे अवशेष तिथे असावेत, असा अंदाज आहे.

गढवालमध्ये याची गाणी आहेत. कनौजचा राजा जसधवल नंदादेवीच्या यात्रेला निघाला, पण यात्रेचे नेम न पाळता नाचगाणी आणि लवाजमा घेऊन आला. देवी कोपली आणि तिने लोखंडासारख्या गारांचा वर्षाव करून सगळ्यांना मारलं. २००४ मध्ये संशोधकांची एक मोहीम वर गेली. सापडलेल्या काही कवट्यांवर वरून गोल, कठीण वस्तू आदळल्याच्या खुणा होत्या. शस्त्राचे घाव नव्हते. उघड्या डोंगरावर आडोसा नसताना मोठाल्या गारांनी माणसं मेली, हा निष्कर्ष त्यातून निघाला आणि काळ साधारण इसवी सन ८५० चा ठरला. गाण्यातली गार खरी निघाली.

पण गोष्ट तिथे संपली नाही. २०१९ मध्ये ३८ जणांच्या हाडांतल्या डीएनएचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात २३ जण भारतीय उपखंडातल्या वंशाचे होते, आणि तेही सगळे एकाच वेळी मेलेले नव्हते. १४ जणांचं नातं पूर्व भूमध्य सागराच्या भागाशी, म्हणजे आजच्या ग्रीस आणि क्रीटच्या लोकांशी जुळलं. एक जण आग्नेय आशियातला निघाला. भूमध्य सागराकडचे हे लोक मेले साधारण १८०० च्या सुमाराला, म्हणजे पहिल्या गटानंतर हजारेक वर्षांनी. त्यात बायकाही होत्या, पुरुषही होते, आणि कुणाचं कुणाशी जवळचं नातं नव्हतं. हाडांवरून कळणारा त्यांचा आहारही वेगळा होता. कुठल्या साथीच्या रोगाचा मागमूस सापडला नाही.

पेशवाई उतरणीला लागली होती त्या काळात डझनभर ग्रीक वंशाची माणसं हिमालयातल्या या कुंडापर्यंत कशी आणि कशासाठी गेली? याचं उत्तर आजही नाही. रूपकुंडाबद्दल ‘रहस्य उलगडलं’ असा मथळा दिसला तर २०१९ नंतरचं लिखाण आहे का, ते आधी पाहा.

रूपकुंडातले लोक कोकणस्थ होते, असं वाचलं होतं. खरं काय?

२००४ च्या मोहिमेनंतर झालेल्या सुरुवातीच्या डीएनए तपासणीत काही नमुने कोकणस्थ ब्राह्मणांशी जुळतात, अशा बातम्या आल्या होत्या आणि त्या आपल्याकडे खूप फिरल्या. २०१९ चा अभ्यास त्यापेक्षा कितीतरी तपशीलवार होता. त्यातून दिसलं ते असं की उपखंडातली ही माणसं एका जातीची किंवा एका प्रांताची नव्हती, वेगवेगळ्या ठिकाणची होती. यात्रेकरूंचा जथा असाच असतो. नंदादेवीची राजजात यात्रा बारा वर्षांतून एकदा याच वाटेने जाते, हेही त्याच्याशी जुळतं. या संशोधनाशी महाराष्ट्राचं खरं नातं पुण्याच्या डेक्कन कॉलेजमुळे आहे. तिथले अभ्यासक दोन्ही वेळा त्यात होते.

हाडं पळवण्याचा प्रकार वर्षानुवर्षं चालला, आणि त्याने फार नुकसान केलं. येणारा जाणारा ट्रेकर कवटी हातात धरून फोटो काढायचा, एखादं हाड आठवण म्हणून पिशवीत टाकायचा. कोण माणूस कुठे, कसा पडला होता, हे आता कळण्याचा मार्ग उरलेला नाही. उत्तराखंड उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये बुग्यालांवर, म्हणजे उंचावरच्या कुरणांवर, मुक्काम करायला मनाई केली. त्यामुळे जायचा विचार असेल तर त्या वेळचे नियम वनखात्याकडून समजून घ्या.

लोणारचं विवर उल्केनेच झालं, हे कशावरून?

बुलढाणा जिल्ह्यातलं हे विवर सुमारे १.८ किलोमीटर रुंद आणि दीडशेएक मीटर खोल आहे. १८२३ मध्ये सी. जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने त्याची नोंद केली, पण गावकऱ्यांना ते हजारो वर्षं माहीत होतंच. दख्खनचा सगळा पाषाण ज्वालामुखीचा, तेव्हा हेही ज्वालामुखीचंच मुख, असं भूशास्त्रज्ञ दीडशे वर्षं धरून चालले होते.

अमेरिकी भूशास्त्रज्ञ जी. के. गिल्बर्ट यांनी १८९६ मध्ये ॲरिझोनातल्या एका विवराची लोणारशी तुलना केली. लोणार वाफेच्या स्फोटाने झालं असेल तर ॲरिझोनाचंही तसंच, असा त्यांचा तर्क होता. दोन्ही विवरं पुढे उल्कापाताची निघाली.

निर्णायक पुरावा १९७३ मध्ये आला. अमेरिकी आणि भारतीय शास्त्रज्ञांनी मिळून तळ्याच्या गाळात छिद्रं पाडली आणि खालचे दगड तपासले. त्यात मास्केलिनाइट सापडलं. दख्खनच्या काळ्या पाषाणातल्या, म्हणजे बेसॉल्टमधल्या, एका खनिजाची प्रचंड धक्क्याने, न वितळता, काच होते, ती ही काच. ज्वालामुखी असा धक्का देऊ शकत नाही. चंद्रावरून आणलेल्या दगडांत आणि मंगळावरून आलेल्या उल्कांत हाच पदार्थ सापडतो, म्हणून त्या दोन गोलांचा अभ्यास करणारे लोक लोणारला येतात.

ते किती जुनं आहे? कुठे पन्नास हजार वर्षं लिहिलेलं असतं, कुठे पाच लाख.

दोन्ही आकडे प्रयोगशाळेतूनच आलेत. काचेसारख्या कणांतली साठलेली ऊर्जा मोजून सुमारे ५२ हजार वर्षं हे उत्तर आलं होतं. २०११ मध्ये आर्गॉन वायूच्या समस्थानिकांवरून काढलेलं वय सुमारे ५ लाख ७० हजार वर्षं निघालं. दगड वितळून थिजले त्या क्षणाचं वय दुसरी पद्धत जास्त भरवशाने सांगते, म्हणून मी तिच्या बाजूने आहे. माहितीफलकांवर मात्र जुनाच आकडा अजून दिसतो.

इथे लोककथेबद्दलही सांगायला हवं. लवणासुर किंवा लोणासुर जमिनीखाली दडून बसला होता, विष्णूने दैत्यसूदनाचं रूप घेऊन वरचं झाकण उडवलं आणि त्याला मारलं, अशी कथा आहे. गावातलं दैत्यसूदनाचं देखणं मंदिर त्याच कथेचं. पुष्कळ जण म्हणतात की ही उल्कापाताची आठवण आहे. एवढ्या जुन्या घटनेची आठवण कथेत टिकणं शक्य नाही. पण खड्ड्याच्या कडेचे उलटे वळलेले थर आणि आतलं खारं पाणी पाहून इथे एके काळी आघात झाला, हे कथा रचणाऱ्यांनी ताडलं असावं. शास्त्रज्ञांच्या आधी कित्येक शतकं! मला ही त्यांची मोठी कमाल वाटते.

‘जगातलं तिसरं मोठं’ आणि ‘बेसॉल्टमधलं एकमेव’ हे दावे बरोबर आहेत का?

दोन्ही चूक. दक्षिण आफ्रिकेतलं व्रेडेफोर्ट आणि मेक्सिकोतलं चिक्शुलुब शेकडो किलोमीटरच्या घरातली विवरं आहेत, लोणार त्यांच्यासमोर लहान आहे. बेसॉल्टमध्ये झालेली विवरं ब्राझीलमध्येही आहेत, उदाहरणार्थ व्हिस्टा अलेग्रे. पण ती झिजून गेली आहेत. बेसॉल्टमधलं इतकं सुस्थितीतलं विवर लोणारचंच, आणि तेवढं सांगितलं तरी लोणारची थोरवी कमी होत नाही.

तळ्याचं पाणी गुलाबी का झालं होतं?

जून २०२० मध्ये पाण्याची पातळी खाली गेली होती, खारटपणा वाढला होता. अशा पाण्यात मीठप्रेमी सूक्ष्मजीव फोफावतात आणि ते गुलाबी रंगद्रव्य तयार करतात. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासून हे दाखवलं. हे जीव तळाशी बसले की रंग उतरतो, आणि तसा तो उतरलाही.

पश्चिम ऑस्ट्रेलिया राज्याच्या दक्षिण किनाऱ्याजवळच्या एका बेटावर हिलियर नावाचं तळं आहे. १८०२ मध्ये मॅथ्यू फ्लिंडर्सच्या लोकांनी ते गुलाबी पाहिलं. तिथे हा रंग दीर्घकाळ टिकून राहिला, आणि बाटलीत भरलेल्या पाण्यातही तो दिसतो.

प्राण्यांचा दगड करणारं तळं आफ्रिकेत आहे म्हणतात. ते फोटो खरे आहेत?

टांझानियातलं नेट्रॉन. फोटो खरे, समज खोटा. पक्षी पाण्याला शिवला आणि जागच्या जागी दगड झाला, असं होत नाही. मेलेले पक्षी आणि वटवाघळं काठावर लागतात, क्षारांमुळे कुजत नाहीत, कडक होतात. एका ब्रिटिश छायाचित्रकाराने ती उचलून फांद्यांवर, दगडांवर जिवंतपणीच्या ऐटीत बसवली आणि टिपली.

खरी गोष्ट याच्या उलट आहे. जवळच ओल दोइन्यो लेंगाई हा ज्वालामुखी आहे. मसाई लोक त्याला देवाचा डोंगर मानतात. त्याचा लाव्हा सोडियम कार्बोनेटसारख्या क्षारांनी भरलेला असतो, इतर लाव्हांपेक्षा कितीतरी थंड असतो आणि वाहताना काळा दिसतो. तेच क्षार तळ्यात येतात. इतक्या दाहक पाण्यात शिकारी प्राणी पाय घालत नाहीत, म्हणून लहान रोहित पक्षी तिथेच मातीची घरटी करतात. जगातल्या लहान रोहितांपैकी सुमारे तीन चतुर्थांश पक्षी तिथे जन्मतात. ठाण्याच्या खाडीत दिसणाऱ्या थव्यांत याच जातीचे पक्षी असतात.

एखादं तळं अचानक गायब होऊ शकतं का?

अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात २० नोव्हेंबर १९८० ला झालं. पेन्यूर नावाचं तळं जेमतेम तीन मीटर खोल होतं. त्यात तेल शोधण्यासाठी छिद्र पाडलं जात होतं आणि त्याच तळ्याखाली मिठाची खाण चालू होती. मोजणीत घोटाळा झाला आणि ड्रिलने थेट खाणीचं छत फोडलं. पाणी आत शिरलं, मीठ विरघळत गेलं, भोक रुंदावत गेलं. बघता बघता भोवरा झाला. तेलाचा मनोरा, अकरा मालवाहू तराफे, झाडं, काठची जमीन सगळं आत खेचलं गेलं. समुद्राकडे वाहणारा कालवा उलटा वाहू लागला आणि तळ्याच्या जागी उंच धबधबा कोसळू लागला.

खाणीतले सगळे ५५ कामगार वर आले. पाणी दिसताच एकाने धोक्याची सूचना दिली आणि बाहेर पडण्याची तालीम आधीच केलेली असल्यामुळे सगळे बाहेर पडले. एकही माणूस मेला नाही. खाण भरल्यावर बुडालेल्या तराफ्यांपैकी नऊ पुन्हा वर तरंगले. गोड्या पाण्याचं उथळ तळं मात्र कायमचं खारं आणि साठेक मीटर खोल झालं.

आणि अरल समुद्र?

तो हळूहळू गेला, आणि माणसाच्या निर्णयाने गेला. कझाकस्तान आणि उझबेकिस्तानच्या मधलं हे एके काळचं जगातलं चौथं मोठं सरोवर, सुमारे ६८ हजार चौरस किलोमीटर. १९६० च्या दशकात सोव्हिएत सरकारने आमू आणि सिर या दोन्ही नद्यांचं पाणी कापसाकडे वळवलं. मुइनाक हे मासेमारीचं बंदर होतं, तिथे आता वाळूत गंजलेली जहाजं उभी आहेत.

त्यातल्या एका बेटावर जैविक शस्त्रांची चाचणी चालायची. १९७१ मध्ये अराल्स्क गावात देवीची साथ आली, दहा जणांना लागण झाली आणि तिघे मेले. ही माहिती कित्येक वर्षं दडवून ठेवली गेली. पाणी आटलं तसं ते बेट जमिनीला जोडलं गेलं. उत्तरेकडच्या छोट्या भागाला कझाकस्तानने २००५ मध्ये बांध घातला. तिथे पाणी आणि मासे परत आले आहेत.

सूर्यप्रकाश कधीच न पाहिलेलं तळं आहे का?

अंटार्क्टिकातलं वोस्तोक. जवळपास चार किलोमीटर जाड बर्फाखाली, अडीचशे किलोमीटर लांब. वरच्या संशोधन केंद्रावर १९८३ मध्ये उणे ८९.२ अंश सेल्सिअस तापमान नोंदलं गेलं, तरी खाली पाणी द्रवरूप आहे. पृथ्वीच्या आतली उष्णता, बर्फाचा दाब आणि वरच्या बर्फाचंच पांघरूण, यांनी ते गोठत नाही. फेब्रुवारी २०१२ मध्ये रशियन पथकाचं ड्रिल ३,७६९ मीटरवर पाण्याला लागलं.

ज्यात पोहता येईल असं एखादं अजब तळं सांगा.

प्रशांत महासागरातल्या पलाऊ या द्वीपदेशातलं जेलीफिशचं तळं. लाखो सोनेरी जेलीफिश रोज सूर्यामागे तळ्याच्या एका बाजूकडून दुसरीकडे जातात, कारण त्यांच्या अंगात राहणाऱ्या शैवालाला ऊन लागतं. त्यांचा डंख माणसाला जेमतेम जाणवतो. मात्र सुमारे पंधरा मीटरखाली विषारी हायड्रोजन सल्फाइडचा थर आहे, म्हणून नळकांडी लावून खोल बुडी मारायला तिथे बंदी आहे.

लोणार पाहायला कधी आणि कसं जावं?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. जालना किंवा मेहकरहून रस्ता आहे, छत्रपती संभाजीनगरहून साधारण दीडशे किलोमीटर. नुसतं वरून पाहून परत फिरू नका. गावाकडच्या बाजूला धार आहे, बारमाही गोड्या पाण्याचा झरा, आणि तेच पाणी खाली खाऱ्या तळ्यात जातं. आत उतरलात की झाडीतून वाट जाते. वानरं, मोर आणि पडक्या हेमाडपंती देवळांमधून कमळजादेवीपर्यंत पोहोचता येतं. पाणी उतरलेलं असेल तर तिथे सासू-सुनेची विहीर दिसते. तिच्या एका बाजूचं पाणी खारं आणि दुसऱ्या बाजूचं गोडं, असं सांगतात.

सोबत चिमूटभर हळद न्या. तळहातावर घेऊन तळ्याच्या पाण्याचे दोन थेंब सोडा, पिवळी हळद डोळ्यांदेखत तांबडी होते. पाणी पापडखाराच्या जातीच्या क्षारांनी भरलेलं आहे, त्याचा हा पुरावा. पूर्वी इथून हे क्षार काढून विकले जायचे. हात नंतर धारेच्या पाण्याने धुवा, तळ्यात धुऊ नका. अख्खं विवर अभयारण्य आहे आणि २०२० पासून रामसर यादीतही आहे, म्हणून प्लास्टिक खाली नेऊ नका आणि दगड वर आणू नका. मास्केलिनाइट नुसत्या डोळ्यांनी ओळखता येत नाही. घरी नेलेला दगड शोकेसमध्ये पडून राहतो, पण कुठल्या थरातला होता हे हरवलं की अभ्यासकाला त्याचा काही उपयोग राहत नाही.